जोडीने चाला, पण हिशेब वेगळा ठेवा

पन्नाशी ओलांडलेलं जोडपं बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज एकाच वेगाने चालत असलं, तरी दोघांच्या रक्तवाहिन्यांना सारखाच फायदा होईल असं नाही. भरभर चालताना रक्ताचा ओघ वाढतो, धमनीचं आतलं अस्तर त्याने घासलं जातं आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतं. धमनी सैल होते. बायकांत या कामाला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा (हार्मोनचा) हातभार असतो, पाळी गेल्यावर तो तुटतो. 8 आठवडे चालायला लावून केलेल्या अभ्यासांत या वयाच्या पुरुषांच्या दंडातली धमनी आधीपेक्षा चांगली फुलू लागली, पाळी गेलेल्या बायकांची जवळपास होती तशीच राहिली. इस्ट्रोजेन दिलेल्या बायकांत मात्र फरक पडला. पण म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. चालणंही सोडू नये. दम आणि साखर सुधारतेच.

आठवड्यातून 5 दिवस 40 मिनिटं चाला. बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा. पावसाळ्यात घरचा जिना आहेच. बायकांनी जोडीला मुठीचा व्यायाम धरावा: टॉवेलची गुंडाळी पूर्ण ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने 2 मिनिटं दाबायची, 2 मिनिटं विसावा, असं 4 वेळा, आठवड्यातून 3 दिवस. चूक होते ती जोर लावण्यात. दात-ओठ खाऊन दाबलं की श्वास कोंडतो आणि बीपी एकदम चढतं. बीपी 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर आधी डॉक्टर, मग टॉवेल.

बीपी मोजण्यातही गफलत होते. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवली की दंड आवळला जातो. बाही काढूनच पट्टा बांधा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा फुगवतो. चहा किंवा मशेरीनंतर अर्धा तास थांबा (निपाणीकडे हे मुद्दाम सांगावं लागतं!). पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसा, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. वहीत दोघांची पानं वेगळी. त्याचा आकडा उतरला म्हणून तिची गोळी कमी करायची नसते.

राजहंसगडाच्या चढावर बाईला छातीत न दुखताही नुसती धाप, जबड्यात कळ किंवा मळमळ होऊ शकते. पित्त समजून सोडा पाजत बसू नका, तिथूनच दवाखाना गाठा.