चार मितींचं मोठं पझल कॉम्प्युटरवर कसं सोडवायचं

जळगाव-भुसावळकडे क्यूब सोडवणारी पोरं आता ढिगाने आहेत, क्लासला जाताना, पॅसेंजरमध्ये, ओट्यावर बसून फिरवतच असतात. त्यातल्या ज्याचा ३×३ चा कंटाळा आलाय आणि जो "आता पुढे काय भो" विचारून राहिला त्याच्यासाठी हे लिहितोय. महागातले सात बाय सात घेण्याआधी एकदा चार मितीतलं पझल करून बघा, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीच्या जोडीला आणखी एक दिशा असलेला क्यूब, ३×३×३×३. स्क्रीनवर फुकट करता येतं. (मेलिंडा ग्रीनने चुंबकं लावून २×२×२×२ चं हातात धरता येणारं मॉडेल बनवलंय खरं, पण मोठं बहुतेक सगळं स्क्रीनवरच.)

एक आधीच सांगून टाकतो, सॉफ्टवेअरकडून पझल सोडवून घ्यायचं नाही. ते दाखवतं, फिरवतं, लक्षात ठेवतं आणि नको ते लपवतं, सोडवायचं आपल्यालाच. पण साध्या क्यूबच्या चार-पाच अल्गोरिदम (ठरलेल्या फिरवण्यांच्या ओळी) पाठ असतील तर नवीन पाठांतर जवळपास शून्य आहे, त्याच वापरायच्या, फक्त कशा वापरायच्या ते समजून घ्यायचं आणि हिशोब सुटू द्यायचा नाही. मोठ्या पझलमध्ये वेळ जातो तो हिशोबातच.

सॉफ्टवेअरचं पटकन आटपतो. सगळ्यात जुनं आणि सुरुवातीला बरं ते मॅजिकक्यूब फोरडी, मेलिंडा ग्रीन आणि डॉन हॅच यांचं, जावावर चालतं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. दुसरं हायपरस्पीडक्यूब, अँड्र्यू फार्कसचं, नवीन आहे, कीबोर्डवरून भराभर फिरवता येतं आणि त्यातले फिल्टर एक नंबर आहेत. तिसरं मॅजिक १२० सेल, रॉइस नेल्सनचं, ते शेवटी बघू. पहिल्यापासून सुरू करा.

उघडल्यावर आधी काहीच कळत नाही, घाबरायचं नाही. साध्या क्यूबला ६ बाजू असतात, इथे ८ सेल आहेत आणि प्रत्येक सेल हा स्वतःच ३×३×३ चा ठोकळा. साध्या क्यूबचे स्टिकर चपटे, इथले स्टिकर म्हणजे बारके बारके घन. एका सेलवर २७, एकूण २१६. स्क्रीनवर सातच सेल दिसतात, आठवा आपल्या बाजूला तोंड करून आहे म्हणून दाखवत नाहीत, तो बघायचा तर दुसऱ्या एखाद्या सेलवर कंट्रोल दाबून क्लिक करा, तो सेल मधे येतो आणि बाकीचे सरकतात. मधला सेल छोटा आणि "आत" दिसतो पण तो आत-बित काही नाही, फक्त लांब आहे, लांबचं छोटं दिसतं तेवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय: स्टिकर बघायचा नाही, तुकडा बघायचा. तुकडे चार जातीचे. एकरंगी ८, दोनरंगी २४, तीनरंगी ३२, चाररंगी १६. एकरंगी म्हणजे सेलचा मधला, तो आपल्या सेलमधून हलत नाही. चाररंगी तुकड्याचे चार स्टिकर चार वेगवेगळ्या सेलमध्ये पसरलेले असतात, तुम्हाला एक दिसतो आणि बाकीचे तीन कुठेतरी लांब असतात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अख्खा तुकडा हायलाइट होईल असं करून घ्या. मग माउस नेला की कोण कोणाचा भाऊ ते कळतं. एक संध्याकाळ नुसतं हेच केलं तरी चालेल, स्क्रॅम्बल न करता, म्हणजे न विस्कटता.

फिरवणं सोपं आहे. सेलच्या स्टिकरवर क्लिक केलं की तो सेल फिरतो, लेफ्ट क्लिकने घड्याळाच्या उलटा, राइटने सुलटा. दोनरंगी स्टिकरवर क्लिक केलं तर ९० अंश, तीनरंगीवर १८०, चाररंगीवर १२०. आकडे दाबून ठेवले की आतले थर फिरतात, ते मोठ्या पझलला लागतं. स्क्रॅम्बलमध्ये एक-दोन-तीन फिरवण्यांचे पर्याय असतात, आधी तेच करा. दोन फिरवण्या उलट्या करून दाखवता आल्या नाहीत तर फुल स्क्रॅम्बलला हात लावू नका, उगाच डोकं उठतं. फुल स्क्रॅम्बलच्या शक्य स्थिती किती म्हणाल तर साधारण १.७६ गुणिले १० चा १२० वा घात.

क्रम असा ठेवा: आधी सगळे दोनरंगी, मग तीनरंगी, मग चाररंगी. ट्रकमध्ये केळी लावतात तसं, एकदा तळाला बसलेला घड परत ओढायला लागू नये. दोनरंगी बहुतेक डोळ्यानेच लागतात, पुढचं काहीच लागलेलं नसतं त्यामुळे बिघडायलाही काही नसतं. तीनरंगीपैकी अर्धेअधिक तसेच डोळ्याने जातात. नंतर जागा उरत नाही, काहीही हलवलं की लागलेलं मोडतं, आणि बरेच जण इथेच सोडून देतात. तर इथलीच युक्ती नीट सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

एक सेल निवडा, त्याला कामाचा सेल म्हणू. त्याच्या शेजारचा एक सेल ठरवा, तो शेजारी. शेजाऱ्याच्या ज्या दोनरंगी स्टिकरचा दुसरा रंग कामाच्या सेलवर आहे त्याच्यावर क्लिक करा. काय झालं बघा, दोघांची चिकटलेली बाजू जागच्या जागी ९० अंश फिरली. म्हणजे नुसतं कामाच्या सेलकडे बघितलं तर साध्या ३×३ ची एक बाजू फिरल्यासारखं झालं! आता दुसरी बाजू फिरवायची असेल तर शेजारी बदलायचा नाही. कामाचा अख्खा सेल फिरवायचा, पाहिजे ती बाजू त्याच शेजाऱ्यासमोर आणायची आणि परत शेजाऱ्याला तसंच फिरवायचं. अशी साध्या क्यूबची कुठलीही अल्गोरिदम कामाच्या सेलवर चालवता येते. आणि बाहेर काय बिघडतं? फक्त शेजाऱ्याचा उरलेला भाग, आणि तोही एकाच अक्षावर मागेपुढे फिरतो. म्हणून सुलट फिरवणी अधिक एक, उलट फिरवणी उणे एक, अर्धी फिरवणी दोन असं मोजत जा, शेवटी बेरीज शून्य किंवा चारच्या पटीत आली तर बाहेरचं सगळं आपोआप जाग्यावर. कामाचा सेल मूळ दिशेला आणला की झालं.

करून बघू. उ म्हणजे उजवी, व वरची, ड डावी, टोपी (') म्हणजे उलट, २ म्हणजे अर्धी फिरवणी. ओळ पूर्ण देतो: उ, व', उ, व, उ, व, उ, व', उ', व', उ२. क्यूबवाल्यांनी ओळखलं असेल, तीन कडा गोल फिरवणारी. बेरीज करा: १, ०, १, २, ३, ४, ५, ४, ३, २ आणि शेवटची अर्धी फिरवणी धरून ४. चार! म्हणजे बाहेर काही हललं नाही. साध्या क्यूबच्या कडा म्हणजे इथले तीनरंगी, त्यामुळे अख्ख्या पझलमधले फक्त तीन तीनरंगी तुकडे आपसात फिरले. चाररंगीसाठी उ, व', ड', व, उ', व', ड, व घ्या, बेरीज शून्य, तीन कोपरे फिरतात आणि बाकी काही नाही. या दोन ओळींवर अख्खं ३×३×३×३ पार पडतं भो, खोटं नाही सांगत.

तुकडे पाहिजे तिथे नसतील तर आधी दोन-चार फिरवण्या करून तिघांना त्या जागी आणा, ओळ चालवा आणि त्या दोन-चार फिरवण्या उलट्या क्रमाने परत घ्या. ह्या आधीच्या फिरवण्या कागदावर लिहाच. उलट घेताना एक राहिली की सगळं गडगडतं.

दरवेळी हाताने इतक्या क्लिक करणं म्हणजे बोटांचा भुगा, म्हणून मॅक्रो, म्हणजे एकदा साठवून ठेवलेली ओळ. मॅक्रो सुरू करायचा, संदर्भ म्हणून स्टिकर निवडायचे, ओळ एकदा चालवायची, बंद करायचा, नाव द्यायचं. नंतर दुसरीकडे त्याच मांडणीतले स्टिकर दाखवले की सॉफ्टवेअर ती ओळ तिथे चालवतं. नाव देताना "मॅक्रो १, मॅक्रो २" असं देऊ नका, "तीनरंगी तीन जण, पहिल्यापासून दुसरीकडे" असं लांबलचक द्या, पंधरा दिवसांनी तुम्हालाच कळायला पाहिजे.

आता फसवणारी गोष्ट. साध्या क्यूबवर एकटा कोपरा कधीच वळलेला उरत नाही, इथे मात्र एकटा तीनरंगी तुकडा तीन रंग गोल फिरलेल्या अवस्थेत उरू शकतो, ते कायदेशीर आहे, पझल बिघडलं नाही. तीन जणांची ओळ दोनदा वापरायची, दुसऱ्या वेळी तो तुकडा वेगळ्या दिशेने आत आणायचा, सुटतो. पण एकट्या दोनरंगीचे रंग उलटे, किंवा एकट्या तीनरंगीचे फक्त दोन रंग अदलाबदल, हे ३×३×३×३ वर होऊच शकत नाही. तसं दिसलं तर तुम्ही तुकडा चुकीचा वाचलाय, परत माउस नेऊन बघा.

दोन तीनरंगी आपसात बदललेले उरले आणि बाकी सगळं ठीक, असं कधी होईल? तर नाही. एक सेल ९० अंश फिरवला की ६ दोनरंगींपैकी चौघांचं एक चक्र होतं आणि १२ तीनरंगींची चौघा-चौघांची तीन चक्रं, एक आणि तीन, दोन्ही विषम. म्हणजे तीनरंगींमध्ये विषम अदलाबदल असेल तर दोनरंगींमध्येही असणार. दोनरंगी आधी पूर्ण लागलेत ना, मग तीनरंगींचं शेवटी तीन-तीनच्या फेऱ्यांत सुटणारच. चाररंगींची दोन चक्रं, ते कायम सम.

मोठ्यावर म्हणजे ४×४×४×४ वर गेलात की ५१२ स्टिकर आणि २४० तुकडे, ५×५×५×५ वर १००० स्टिकर आणि ५४४ तुकडे. इथे रिडक्शन करा: प्रत्येक सेलचे एकरंगी गोळा करायचे, मग सारख्या दोनरंगींचे गठ्ठे, सारख्या तीनरंगींच्या जोड्या, आणि मग ते ३×३×३×३ समजून सोडवायचं. ४×४ ला मधला फिक्स तुकडा नसतो, कुठल्या रंगासमोर कुठला रंग ते चाररंगी तुकड्यांवरून आधी ठरवून घ्या, उलटं बसवलं तर दोन दिवस गेले समजा. फिल्टर इथे लागतात. हायपरस्पीडक्यूबमध्ये एकाच जातीचे, ठराविक रंगाचे तुकडे ठेवून बाकी सगळे फिके किंवा गायब करता येतात. मी तर म्हणेन स्क्रीनवर एका वेळी आठ-दहा तुकड्यांपेक्षा जास्त ठेवूच नका.

आणि ४×४ वर ते वरचं दोनरंगी-तीनरंगीचं साटंलोटं उरत नाही. तिथे एक सेल फिरवला की तीनरंगींची सहा चक्रं होतात, म्हणजे सगळंच सम. त्यामुळे शेवटी नेमक्या दोन जोड्या अदलाबदल झालेल्या दिसू शकतात, जे ३×३×३×३ वर अशक्य होतं. वैतागू नका. दोन जोड्या म्हणजे सुटे चार तुकडे, अ-ब आणि क-ड अशी दुहेरी अदलाबदल, आणि ती तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत बसते. जोड्या सुट्या समजून दोनदा मॅक्रो मारा, झालं.

हे सगळं जमलं आणि तरी पोट भरलं नसेल तर १२० सेल. १२० डोडेकाहेड्रॉन (बारा पंचकोनी बाजूंचे ठोकळे), प्रत्येकावर ६३ स्टिकर, एकूण ७५६०. तुकडे: १२० एकरंगी, ७२० दोनरंगी, १२०० तीनरंगी, ६०० चाररंगी. ऐकून चक्कर येते पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, डोडेकाहेड्रॉनच्या फिरवण्या कायम सम असतात, त्यामुळे इथे पॅरिटीची, म्हणजे वरच्या सम-विषमची भानगडच नाही. जागाही भरपूर, शंभरेक सेल होईपर्यंत नुसतं डोळ्याने आणि थोड्या फिरवण्यांनी पुढे सरकता येतं. एका सेलपासून सुरू करा, त्याच्याभोवती १२, मग २०, १२, ३०, १२, २०, १२ आणि शेवटी समोरचा १, या वलयांनी जा. रंगांवर विश्वास ठेवू नका, १२० रंग वेगळे ओळखणारा डोळा कुणाला नसतो, नको ते तुकडे लपवा आणि जागा हायलाइट करून शोधा.

हे काम आठवड्यांचं-महिन्यांचं आहे, मॅरेथॉनसारखं एका बैठकीत करायला जाऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, लॅपटॉप आधीच भाजलेला, त्यात दुपारी लाइट जाते. म्हणून फाइल सेव्ह करत राहा. लॉग फाइलमध्ये अख्खी हिस्टरी असते, पुढे एखादा तुकडा कुठे बिघडला ते मागे जाऊन सापडतं. प्रत्येक वलय झालं की नवीन नावाने सेव्ह करा, जुनी फाइल खोडू नका, एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा आणि मॅक्रोची फाइल वेगळी ठेवा, कारण स्क्रॅम्बल परत मिळतं, पण नीट नावं दिलेले मॅक्रो परत बनवायला जास्त वेळ जातो.