लुस्त्राफ्योर्डच्या काठी चार रात्री: नॉर्वेचं आतलं सोग्न कसं बघावं

फेब्रुवारी उजाडला की मला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मी अकरा वर्षं बर्गनमध्ये राहते, त्यामुळे नॉर्वेला येणारा प्रत्येकजण आपला बेत माझ्याकडून तपासून घेतो. बेत बहुतेक एकच असतो: ऑस्लो, फ्लोमची रेल्वे, बोटीतून दोन तास फ्योर्ड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खोल खाडी), बर्गन आणि परत. फ्लोम सुंदरच आहे. पण तिथे क्रूझची मोठी जहाजं लागलेली असली की आपण फ्योर्डपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त बघतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सोग्नेफ्योर्डचा एकच फाटा निवडा, तिथे चार रात्री मुक्काम करा आणि बाकीचं सोडून द्या. माझा फाटा लुस्त्राफ्योर्ड. तिथे कसं जायचं, कुठे राहायचं आणि काय बघायचं, ते सांगते.

सोग्नेफ्योर्ड 200 किलोमीटरहून लांब आहे आणि काही ठिकाणी 1300 मीटरपर्यंत खोल. आमचं गाव देवरुखजवळ, त्यामुळे आई-बाबांनी खाड्या पुष्कळ पाहिलेल्या. पण खाडी म्हटलं की चिखल, खारफुटी आणि ओहोटीला उघडा पडणारा काठ डोळ्यांसमोर येतो. इथे बर्फाच्या नद्यांनी डोंगर कोरून काढले आणि मग समुद्र आत शिरला. त्यामुळे कडा सरळ पाण्यात उतरतो आणि पाण्याखाली तसाच खाली जात राहतो. लुस्त्राफ्योर्ड हा या फ्योर्डचा सगळ्यात आतला फाटा. हिमनद्यांनी दळलेली बारीक भुकटी वितळलेल्या बर्फाबरोबर येते, म्हणून उन्हाळ्यात त्याचा रंग दुधात हिरवा मिसळल्यासारखा दिसतो. बाबांनी काठावरच्या सोल्वोर्न गावाच्या धक्क्यावर वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "अगं, हे खारं लागतच नाही." बरोबर होतं त्यांचं. उन्हाळ्यात डोंगरांचं गोडं पाणी वरच्या थरात तरंगतं आणि खरा समुद्र त्याच्या खाली असतो.

बर्गनहून गाडीनं लुस्त्राफ्योर्डजवळच्या सोग्नडाल या गावी पोचायला चारेक तास धरा. रस्ता वॉस, गुडवांगेन, फ्लोम असा जातो आणि मग लार्डालचा बोगदा लागतो. तो साडेचोवीस किलोमीटरचा आहे, जगातला सगळ्यात लांब रस्त्याचा बोगदा, 2000 साली सुरू झालेला. चालवणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी निळ्या उजेडाच्या गुहा केल्या आहेत. बोगदा संपला की फोडनेस ते मानहेलर ही पंधरा मिनिटांची फेरीबोट घ्यायची. गाडी चालवायची नसेल तर बर्गनहून सोग्नडालला जलद बोट जाते. पण पुढची छोटी ठिकाणं बसनं करायची तर वेळापत्रक हातात ठेवूनच दिवस आखावा लागतो. आई-वडील बरोबर असतील तर गाडीच घ्या.

गाडीबद्दल दोन गोष्टी. हेडलाइट दिवसाही लावलेले हवेत, तो कायदाच आहे. आणि अरुंद रस्त्यावर M लिहिलेली निळी पाटी दिसली की ती समोरच्या गाडीला वाट देण्याची जागा, तिथे गाडी उभी करू नका. फोटोसाठी तर अजिबात नको. गावातल्या लोकांना याच रस्त्यावरून रोज कामाला जायचं असतं.

मुक्कामाला सोल्वोर्न. पांढऱ्या लाकडी घरांचं एवढंसं गाव, एक धक्का आणि सतराव्या शतकापासून पाहुणे ठेवणारं वालाकर हॉटेल. हॉटेल खिशाला जड वाटलं तर आसपास स्वयंपाकघर असलेल्या लाकडी केबिन भाड्यानं मिळतात, त्यांना इथे हिट्टे म्हणतात. मी पाहुण्यांसाठी नेहमी हिट्टेच घेते. शाकाहारी माणसाला गावांमधल्या खानावळींत रोज काही मिळेलच असं नाही. भारतातून पोहे, मेतकूट, भाजणी, मसाले आणा. तूप, पेढे किंवा कुठलाही दुधाचा पदार्थ मात्र आणू नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. दूध, दही, लोणी इथे उत्तम मिळतं. किराणा शनिवारीच भरून ठेवा, रविवारी मोठी दुकानं बंद असतात. 17 मे हा राष्ट्रीय दिन, त्या दिवशीही सगळं बंद. पण तेव्हा तुम्ही तिथे असाल तर सकाळी गावातली मिरवणूक चुकवू नका. भरजरी पारंपरिक पोशाखातली मुलं-माणसं झेंडे घेऊन निघतात आणि छोट्या गावात ती मिरवणूक अगदी हाताच्या अंतरावरून जाते.

आता उर्नेस. मला या सगळ्या प्रदेशातलं सर्वांत प्रिय ठिकाण कोणतं विचाराल तर हेच. सोल्वोर्नच्या धक्क्यावरून छोटी फेरी वीसेक मिनिटांत पलीकडे नेते, तिथून चढणीची वाट चर्चपर्यंत जाते. वाट डांबरी आहे पण चढ चांगला आहे. आई दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा मागे वळून फ्योर्ड बघण्याचं निमित्त मिळालं. हे लाकडी चर्च 1130 च्या सुमाराचं. उभ्या खांबांवर रचलेल्या या चर्चना स्टावचर्च म्हणतात आणि नॉर्वेत टिकलेल्या स्टावचर्चमध्ये हे सर्वांत जुनं मानतात. 1979 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. आत वाटाड्याबरोबरच जाता येतं, साधारण मे ते सप्टेंबर.

पण आत जाण्याआधी उत्तरेच्या भिंतीपाशी जा. तिथल्या दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम आत्ताच्या चर्चपेक्षाही जुनं आहे, अकराव्या शतकातल्या आधीच्या चर्चमधून काढून इथे पुन्हा बसवलेलं. एक सडपातळ चार पायांचा प्राणी, मान वळवून एका सापाला चावतो आहे. तो साप वेलीसारखा वळत वर जातो, त्यातून दुसरा निघतो, कुठला साप आणि कुठली वेल हे नजरेला सुटत नाही. कोरीव इतकं खोल आहे की कलत्या उन्हात प्रत्येक वळणाखाली सावली पडते. कुणी म्हणतं तो सिंह म्हणजे ख्रिस्त आणि साप म्हणजे पाप, कुणाला त्यात ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या नॉर्स कथांतला जगबुडीचा प्रसंग दिसतो. बाबा सुतारकामाचे शौकीन. ते चष्मा वर करून नाक लावण्याइतके जवळ गेले आणि किती तरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वास बघ." लाकूड टिकावं म्हणून या चर्चना पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर लावतात. ऊन तापलं की भिंतींना त्याचा गोडसर, धुरकट वास येतो. हात मात्र लावू नका, लाकडासाठीही आणि कपड्यांसाठीही.

फेरीचं वेळापत्रक नीट वाचायला शिका. सोग्न या भागात नॉर्वेजियनचं नीनॉर्स्क हे रूप चालतं, त्यात शनिवार म्हणजे लाउर्दाग आणि रविवार म्हणजे सुन्दाग. पहिल्या वर्षी मी शनिवारी सोमवार ते शुक्रवारचा रकाना वाचला आणि शेवटची बोट गेली. गाडी आमच्याबरोबर उर्नेसच्याच काठाला होती म्हणून फ्योर्डच्या टोकाच्या शोल्डेनवरून वळसा घालून दीड तासात परत आलो. पायी गेलो असतो तर आई-बाबांना घेऊन रात्र कुठे काढली असती, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. आता मी धक्क्यावर उतरल्याबरोबर परतीच्या पाटीचा फोटो काढते. तुम्हीही काढा.

तो वळसा मात्र दिवसाउजेडी, ठरवून जरूर घ्या. उर्नेसहून फ्योर्डच्या पूर्व काठानं शोल्डेनला जाणारा रस्ता एका गाडीपुरता आहे आणि त्यावर गर्दी जवळजवळ नसते. वाटेत फेइगेफॉसेन धबधबा, 200 मीटरहून जास्त उंचीवरून एका उडीत पडणारा. खाली गाडी लावून पाऊण तास चढलात की समोरच्या टेकाडावर पोचता. वाट दगडांची आणि मुळांची आहे, पाऊस असेल तर घसरते. ज्येष्ठांना रस्त्यावरूनही तो दिसतो, चढायलाच हवं असं नाही. मेच्या शेवटापासून जूनभर बर्फ वितळत असतं, तेव्हा त्याला सर्वांत जास्त पाणी. ऑगस्टच्या शेवटी आलात तर निम्मा धबधबाच भेटेल.

शोल्डेन हे फ्योर्डचं टोक. लुडविग विटगेनस्टाइन हा ऑस्ट्रियाचा तत्त्वज्ञ 1913 मध्ये इथे पोचला, आणि 1914 मध्ये त्यानं गावामागच्या तळ्याच्या वर, कड्यावर स्वतःसाठी घर बांधून घेतलं. गावकरी त्या घराला ऑस्ट्रियाच म्हणत. 1958 मध्ये ते उतरवून गावात हलवलं होतं, आणि 2019 मध्ये मूळ जोत्यावर पुन्हा उभं राहिलं. तळ्याच्या काठानं जाऊन मग चढायचं, अर्धा-पाऊण तास. घर बंद असलं तरी चालेल. पायरीवर बसा, खाली तळं, समोर डोंगर. एकटं राहून विचार करायला माणूस एवढ्या लांब का आला, ते तिथे बसल्यावर आपोआप कळतं.

परतताना पश्चिम काठानं या. लुस्टर गावात तेराव्या शतकातलं डाले हे दगडी चर्च आहे, आत जुनी भिंतीचित्रं. जुलैत या काठावर रासबेरी आणि स्ट्रॉबेरी विकायला ठेवलेली असतात, कित्येकदा विक्रेत्याशिवाय, नुसती टोपली आणि पैशांचा डबा. लोक इथे मोबाइलवरच्या व्हिप्सनं पैसे देतात, पण त्यासाठी इथलं बँक खातं लागतं. म्हणून थोडी सुटी क्रोनर नाणी जवळ ठेवा. पैसे न टाकता कुणी फळं उचलताना मी आजवर पाहिलेलं नाही. आपल्याकडून तसं होऊ नये एवढीच कळकळ.

तिसरा दिवस हिमनदीसाठी. गौप्ने गावाहून योस्टेडाल दरीत आत शिरलं की निगार्ड्सब्रेन लागते, युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत मोठ्या हिमनदीचा, योस्टेडाल्सब्रेनचा एक हात. 1740 च्या दशकात ती पुढे सरकत सरकत आली आणि निगार्ड नावाच्या शेतघराला गिळून 1748 च्या सुमारास थांबली. म्हणून हे नाव. आता ती उलट मागे मागे जाते आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बर्फ जिथे होतं तिथे आज उघडा, खरवडलेला खडक आहे, आणि दर वर्षी ते बघून पोटात कालवतं. बर्फाच्या तोंडाजवळ दोरी आणि पाट्या लावलेल्या असतात, त्या ओलांडायच्या नाहीत. 2014 मध्ये इथे बर्फ कोसळून दोन पर्यटकांचा जीव गेला. बर्फावर चालायचंच असेल तर वाटाड्या घ्या. तो काटेरी तळवे आणि दोर देतो, आणि मुलांना जमेल अशी सोपी फेरीही असते.

चौथा दिवस मी मोकळा ठेवते, कारण हवा. इथे पाऊस कधीही येतो. रोज संध्याकाळी इर या सरकारी हवामान सेवेवर दुसऱ्या दिवसाचा अंदाज बघा आणि त्याप्रमाणे दिवस उलटेपालटे करा. स्वच्छ दिवस मिळाला आणि गुडघे साथ देत असतील तर मोल्डेन चढा. 1100 मीटरहून उंच डोंगर, पण गाडी बरीच वर जाते. माथ्यावरून सगळा लुस्त्राफ्योर्ड पायाखाली दिसतो. दगडांवर लाल T रंगवलेला दिसला की वाट बरोबर. पाऊस लागलाच तर फ्यारलानला जा. या गावाला 1986 पर्यंत बाहेरून रस्ताच नव्हता. 1996 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, जुन्या गोठ्यांत आणि दुकानांत वापरलेली पुस्तकं भरलेली, काही कपाटं तर उघड्यावर रस्त्याच्या कडेला. जवळच वास्तुकार स्वेर्रे फेन यांनी घडवलेलं हिमनदी संग्रहालय आहे, 1991 चं. मुलं तिथे दोन तास सहज रमतात.

परतीच्या वाटेवर, लार्डालचा बोगदा ओलांडल्यावर, फ्लोमच्या पुढे उन्द्रेदाल गावाला जाणारा फाटा आहे. 1988 पर्यंत इथेही फक्त बोटीनं जाता यायचं. चाळीसेक माणसं बसतील एवढंसं लाकडी चर्च, आणि शेळ्यांच्या दुधाचं तपकिरी चीज. चिजाचं उरलेलं पाणी तासन्तास आटवून ते करतात, आणि दुधातली साखर करपत करपत त्याला रंग येतो. आईनं एक पातळ काप तोंडात घातला आणि लगेच म्हणाली, "ही तर खव्याची खरवड!" मग तिनं तिथेच विचारलं की कढई कसली वापरता आणि किती वेळ ढवळता. विकणाऱ्या बाईंनी हातानं मोठं वर्तुळ काढून पातेलं दाखवलं आणि बोटांवर तास मोजले. आई मराठीत बोलत होती, त्या नॉर्वेजियनमध्ये. मी मध्ये पडले नाही. अर्धा किलोचा ठोकळा घेऊन आम्ही निघालो, आणि बर्गन येईपर्यंत त्यातला पाव संपला होता.