अमेरिकेतले दोन्ही पक्ष परराष्ट्र धोरणावर खरंच एकत्र आहेत का, हे कसं तपासायचं

एक दिवस बातमी येते की आता परराष्ट्र धोरणावरही डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी चीनविरोधातलं एखादं बिल दणदणीत बहुमताने पास झालेलं असतं. मग खरं काय समजायचं? पॅनेलवर बसलेल्यांना विचारण्यात अर्थ नाही, त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. स्वतः तपासता येतं, फार अवघड नाहीये.

सगळ्यात आधी बघा की एखादा करार नेमका कुठल्या स्वरूपात झालाय. रीतसर ट्रीटी, म्हणजे सिनेटची मंजुरी लागणारा आंतरराष्ट्रीय करार असेल, तर सिनेटमध्ये (अमेरिकी संसदेचं, म्हणजे काँग्रेसचं, वरचं सभागृह) हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे १०० जण असतील तर ६७, आणि एवढी मतं एकट्या पक्षाकडे जवळपास कधीच नसतात, म्हणून ट्रीटी पास झाली की समजायचं विरोधी पक्षातले बरेच लोक सोबत आलेत. २०१० मध्ये रशियाबरोबरची अण्वस्त्रं कमी करायची ट्रीटी, न्यू स्टार्ट, ७१ विरुद्ध २६ ने पास झाली, त्यात १३ रिपब्लिकन होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, अपंगांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार आला, ज्याच्यासाठी बॉब डोल, रिपब्लिकन पक्षाचे जुने नेते, दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले, स्वतः व्हीलचेअरवर सिनेटमध्ये येऊन बसले, तरी मतदान झालं ६१ विरुद्ध ३८ आणि करार पडला. म्हणजे बहुमत होतं पण पुरेसं नव्हतं. मला विचाराल तर हवा कुठल्या दिशेने वाहतेय हे समजायला हे एक मतदान पुरे आहे.

मग राष्ट्राध्यक्षांनी काय केलं, तर ट्रीटीचा रस्ताच सोडून दिला. २०१५ चा इराण अणुकरार सिनेटकडे ट्रीटी म्हणून गेलाच नाही, उलट करार व्हायच्या आधीच ४७ रिपब्लिकन सिनेटर्सनी थेट इराणच्या नेत्यांना पत्र लिहिलं की बाबांनो, पुढचा राष्ट्राध्यक्ष हे एका फटक्यात रद्द करू शकतो, आणि २०१८ मध्ये ट्रम्पनी तेच केलं. पॅरिस हवामान कराराचं तर काय सांगावं, ओबामांच्या काळात आत, ट्रम्पच्या काळात बाहेर, बायडन आल्यावर परत आत, आणि २०२५ मध्ये ट्रम्प परत आल्यावर पुन्हा बाहेर पडायचा आदेश. त्यामुळे 'अमेरिकेने मान्य केलं' असं वाचलं की आधी विचारा, ट्रीटी आहे, कायदा आहे की नुसती सही? नुसती सही असेल तर त्याचं आयुष्य पुढच्या निवडणुकीपर्यंत धरा.

दुसरं, एकूण आकड्यावर जाऊ नका, पक्षाप्रमाणे फोडून बघा. मे २०२२ मध्ये युक्रेनसाठी साधारण ४० अब्ज डॉलरचं पॅकेज हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, ३६८ विरुद्ध ५७ ने पास झालं, विरोधातले सगळेच्या सगळे ५७ रिपब्लिकन. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनचं बिल ३११ विरुद्ध ११२ ने पास झालं, वरवर बघितलं तर छानच दिसतं, पण आत बघा, रिपब्लिकनांमध्ये १०१ बाजूने आणि ११२ विरोधात, म्हणजे ज्या पक्षाचं हाऊसमध्ये बहुमत होतं त्याचेच जास्त लोक विरोधात होते.

पण जुना काळ म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही समजू नका. आर्थर वँडेनबर्गचं नाव सगळे घेतात, मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर, आधी अमेरिकेने बाहेरच्या भानगडीत पडूच नये म्हणणारे आणि नंतर डेमोक्रॅट ट्रुमनसोबत मार्शल प्लॅनच्या मागे उभे राहिलेले, आणि १९४९ मध्ये नाटोचा करारही ८२ विरुद्ध १३ ने पास झाला, हे खरंच. पण १९९१ चं आखाती युद्ध सिनेटमध्ये फक्त ५२ विरुद्ध ४७ ने मंजूर झालं होतं, आणि २००२ मध्ये इराक युद्धाला मात्र ७७ विरुद्ध २३ अशी भरघोस सहमती मिळाली, ती कुठे घेऊन गेली ते जगाने पाहिलंच. सहमती म्हणजे शहाणपण असं काही नाही.

आता माझ्या मते सगळ्यात भारी कसोटी. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध लोक मत देतात का ते बघा. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांवर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगननी व्हेटो वापरला तर रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटनेच तो ७८ विरुद्ध २१ ने उलटवला. २०१७ मध्ये रशियावरच्या निर्बंधांचा कायदा ट्रम्पना नको असतानाही सिनेटने ९८ विरुद्ध २ ने केला. आणि २०२३ च्या शेवटी संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घातलं गेलं की सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय राष्ट्राध्यक्ष नाटोतून बाहेर पडू शकत नाही, त्याच्यामागे डेमोक्रॅट टिम केन आणि रिपब्लिकन मार्को रुबिओ दोघं होते. असं काही दिसलं तर ती एकी नुसत्या भाषणातली नाही.

जे मतदानाला येतच नाही त्याच्याकडेही लक्ष ठेवा. सिनेटमध्ये एकटा माणूस नेमणुका अडकवून ठेवू शकतो, २०२३ मध्ये रिपब्लिकन सिनेटर टॉमी ट्यूबरव्हिल यांनी गर्भपाताच्या धोरणावरून लष्कराच्या शेकडो बढत्या महिनोन्‌महिने रोखल्या होत्या, म्हणजे भांडण घरातलं आणि भुर्दंड फौजेला.

शिवाय प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची पक्षांतर्गत निवडणूक. इंडियानाचे रिचर्ड लुगर, परराष्ट्र धोरणात दोन्ही बाजूंना मान असलेले रिपब्लिकन, ३६ वर्षं सिनेटमध्ये, ते २०१२ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले आणि नोव्हेंबरमध्ये ती सीट डेमोक्रॅट घेऊन गेले. बाकीच्या सिनेटर्सनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलंच असणार.

हे सगळे आकडे सिनेट आणि हाऊसच्या वेबसाईटवर रोल कॉल व्होटमध्ये (कोणी कुठे मत दिलं त्याची नोंद) नावासकट मिळतात. फक्त बिल व्हॉइस व्होटने, म्हणजे नुसत्या तोंडी होकार-नकाराने, पास झालं असेल तर कोण कुठे होतं ते सापडणार नाही, तिथे कोणी 'एकमताने' म्हणालं तर जरा जपूनच.