बाप्तिस्मा राहून गेला तर तारण होतं का? घरात हा प्रश्न आला की काय करायचं

आमच्या मिरजेत हा प्रश्न दोनच वेळेला निघतो, एक तर लग्न ठरवताना नाहीतर माणूस शेवटच्या घटकेला असताना. माझ्या चुलत सासऱ्यांना ऍडमिट केलेलं, आयुष्यभर चर्चच्या मागच्या बाकावर बसलेला माणूस पण बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्यानं होणारा विधी) घ्यायचं आज उद्या करत राहूनच गेलेलं, आणि मेहुणा स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन वॉर्डाच्या दारात उभा, "दाजी, आता काय करू?" मला धड सांगता आलं नाही. म्हणून हे.

आधी विचारणारा कुठल्या मंडळीतला, म्हणजे कुठल्या चर्चचा, ते बघा, नाहीतर उगं भांडण होतंय. कॅथलिक शिकवण म्हणते बाप्तिस्मा तारणासाठी, म्हणजे पापातून सुटका व्हायला, गरजेचा, पण देव स्वतः संस्कारांना (बाप्तिस्म्यासारख्या चर्चच्या विधींना) बांधलेला नाही, आणि मनापासून घ्यायचा होता पण त्याआधीच माणूस गेला तर ती इच्छाच धरली जाते. बॅप्टिस्ट म्हणणार तारण विश्वासानं, पाणी ही त्याची जाहीर साक्ष. मुक्तिफौजवाले (साल्व्हेशन आर्मी) तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत.

मग बायबल काढा, पण एकच वचन घेऊन बसू नका, सगळा घोळ तिथंच होतो. मार्क १६:१६ मध्ये विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही आहेत, पण पुढचं अर्धं वाक्य वाचा, दोषी ठरतो तो विश्वास न ठेवणारा, तिथं पाण्याचं नावच नाही. (हा शेवटचा भाग सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, हेही माहिती असू द्या.) प्रेषितांची कृत्ये १० मध्ये कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरला, बाप्तिस्मा नंतर, तरी येशूचा शिष्य पेत्र यानं "आता पाण्याचं काय काम" असं म्हटलं नाही, लगेच द्यायला लावला. माझ्या मते सगळं उत्तर याच अध्यायात आहे.

आणि वधस्तंभावरचा चोर, लूक २३, ज्याला येशूनं बाप्तिस्म्याविनाच स्वर्गाचं वचन दिलं. त्याचं नाव सांगून बाप्तिस्मा टाळणारे लई भेटतात. अरे त्याचे हातपाय खिळलेले होते, तुमच्या दाराशी कृष्णा वाहतीय!

न घेतलेल्याला लगेच बाहेरचा ठरवू नका. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ ला साताऱ्यात येशूच्या अनुयायांचा 'देवाचा दरबार' काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले दोघंही चालायचे, स्वतः टिळकांनी मात्र १८९५ लाच घेतलेला.

आता वॉर्डातलं. पेशंट शुद्धीत असेल तर आधी त्यालाच विचारा, नातेवाइकांना नाही, आणि नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) फोन लावा. कॅथलिकांत अगदीच जीव जायची वेळ असली तर कुणीही देऊ शकतो, चर्चला जे अपेक्षित आहे तेच करायचा हेतू ठेवून डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो म्हणायचं, बाकीच्यांनी आपापल्या पाळकांना विचारून घ्यावं. सिस्टरनाही आधी सांगा, सलाईन मॉनिटर सगळं जवळच असतंय.

आमचे सासरे हो म्हणाले, मान हलवून. पाळक अर्ध्या तासात आले, मेहुण्याच्याच पेल्यातलं पाणी घेतलं. उशी भिजली म्हणून सिस्टर जाम ओरडल्या.