बालवाडीत मूल हट्टाला पेटलं की काय करायचं

तीन-चार वर्षांचं पोरगं 'नाही, मी नाही येणार' म्हणून जमिनीवर फतकल मारून बसलं की बहुतेक ताई आवाज चढवतात, मग सगळा वर्ग खेळ सोडून त्याच्याकडे बघतो आणि सगळ्यांसमोर माघार घेणं त्याला अजूनच अवघड जातं. म्हणून आधी बाकीच्यांना मदतनीस ताईंबरोबर गाण्याला लावा आणि तुम्ही त्याच्या शेजारी खाली बसा.

समजा ठोकळे आवरायची वेळ झालीय आणि ते हटून बसलंय. बोलायचं कमी. "मनोरा अर्धाच राहिला ना, म्हणून ठोकळे ठेवायचे नाहीयेत तुला." एवढंच म्हणा, आपलं म्हणणं ताईला कळलंय हे त्याला कळू दे. मग दोनच पर्याय द्या, आणि दोन्ही तुम्हाला चालणारे, "लाल आधी टोपलीत टाकायचे की निळे?" "आवरशील का?" असं विचारूच नका, त्याचं उत्तर 'नाही'च येणार. पर्याय दिल्यावर पाच-दहा सेकंद गप्प राहायचं, हेच सगळ्यात जड जातं पण ऐकलेलं डोक्यात उतरायला या वयात वेळ लागतो हो. तरी नाहीच हललं तर "एक मी टाकते, एक तू टाक". काम मात्र अर्धवट सोडायचं नाही, नाहीतर उद्या परत तेच.

हात उगारला तर हात हळूच धरायचा, "मारू देणार नाही मी तुला," बस्स. रडणं ओसरेपर्यंत लेक्चर नको. कोपऱ्यात उभं करणं, खाऊ बंद करणं, 'बघा रे हा कसा करतो' म्हणून लाजवणं तर अजिबातच नको, लहान जीव असतो तो.

बरेचसे हट्ट खेळ मोडून दुसरीकडे जाताना होतात. "पाच मिनिटं राहिली" त्यांना कळत नाही, "अजून दोनदा घसरगुंडी, मग डबा" हे कळतं. आठवडाभर वहीत लिहा, कधी झालं, आधी काय चाललं होतं, नंतर त्याला काय मिळालं. रोज डब्याच्या आधीच होत असेल तर भूक असेल, सकाळी काही न खाताच येत असेल.

आणि महिना उलटला तरी रोज तेच, तर मागून हाक मारल्यावर वळतं का बघा, वयाच्या मानाने बोलतं का बघा, कारण कमी ऐकू येणारं मूल पण 'ऐकतच नाही' वाटतं. आईशी दारात चारचौघांत नाही, बाजूला घेऊन बोला. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना ती वही दाखवा, गरज असेल तर ते पुढे पाठवतात आणि त्याचे पैसे लागत नाहीत.