लंडनला दोनच दिवस मिळाले तर

पहिल्यांदा लंडनला गेले तेव्हा टूरवाल्यांनी एका दिवसात अकरा ठिकाणं दाखवली. दाखवली म्हणजे बसच्या काचेतून. घरी परतल्यावर फोटो बघून कुठलं काय तेही सांगता येईना. गेल्या जूनमध्ये मुलीकडे जाताना पुन्हा दोन दिवस हाताशी आले, ते मी माझ्या मनासारखे काढले. तुम्हीही रोज शहराचे दोनच भाग धरा. बाकीचं खुशाल सोडा.

उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. त्यामुळे मुंबईकराला पहाटे चारलाच जाग येते. कूस बदलत पडू नका, जूनमध्ये पावणेपाचला उजाडतं. साडेपाचला वेस्टमिन्स्टर पुलावर मी आणि दोन धावणारे, एवढेच होतो. टेम्सचं पाणी ओहोटीला किती खाली जातं, ते तेव्हा निवांत बघता आलं.

प्रवासासाठी वेगळं तिकीट काढायची गरज नाही, टॅप होणारं कार्ड चालतं. प्रत्येकाचं कार्ड मात्र स्वतंत्र हवं, आणि दिवसभर तेच वापरा, तरच दिवसाच्या कमाल भाड्याची मर्यादा लागू होते. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, चढताना-उतरताना दोन्हीकडे टॅप करायचं, बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख चालत नाही. पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. ट्रॅफल्गर स्क्वेअरहून १५ नंबर पकडा आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसा. आपल्या मुंबईतल्या जुन्या डबल डेकर बस २०२३मध्ये गेल्या. त्या सीटवर बसल्यावर मला त्यांची फार आठवण आली. सेंट पॉल्स चर्चचा घुमट समोरून येतो, पुढे टॉवर ऑफ लंडन.

ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे, वेळ ऑनलाइन आधी घेऊन ठेवा. सगळं बघायला जाऊ नका. प्राचीन इजिप्तची रोझेटा शिळा म्युझियम उघडल्या उघडल्या गाठा, मग आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. मधल्या चौकातली गोल वाचनखोली नक्की बघा. तेव्हा ग्रंथालय इथेच होतं आणि बाबासाहेब इथे वाचायला यायचे.

दुसरी दुपार मी त्यांच्या घरासाठी राखली होती. १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. भिंतीवर गोल निळी पाटी आहे, बाबासाहेब १९२१-२२मध्ये इथे राहिल्याची. मी परळची. तिथली बीआयटी चाळ माझ्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांचा संसार तिथे होता. पाटीखाली उभी राहिले आणि चाळीतला तो अरुंद जिना डोळ्यांपुढे आला. पंधरा मिनिटं तरी मी हलले नाही. इथे घाईने येऊ नका. उघडण्याच्या वेळा मात्र आधी बघून घ्या.

तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे. पाण्याची बाटली आणि घरचा चिवडा घेऊन टेकडीवर बसा, अख्खं लंडन खाली पसरलेलं दिसतं. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत ऊन असतं. डिसेंबरात जाणार असाल तर क्रम उलटा करा, टेकडी आणि घर सकाळी, म्युझियम दुपारी, कारण तेव्हा चारच्या आत सूर्य मावळतो.