पिंपरीत जुळवलेली डब्ल्यू-१२४ मर्सिडीज: आधी रबर आणि वायर, मग इंजिन

मर्सिडीज-बेंझने १९९५ साली भारतात पहिल्यांदा जी गाडी जुळवली, ती डब्ल्यू-१२४ मालिकेतली ई-क्लास. टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीतल्या आवारात ती तयार व्हायची. पेट्रोलमध्ये ई-२२०, म्हणजे २,१९९ सीसीचं एम-१११ इंजिन. डिझेलमध्ये ई-२५०, म्हणजे २,४९७ सीसीचं पाच सिलिंडरचं ओएम-६०५. या गाड्या आज तिशीच्या आसपास आहेत आणि नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळतात. त्या किमतीला भुलून घेणारे बरेच असतात. सहा महिन्यांत गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहते आणि मग "मर्सिडीज परवडत नाही" असं ऐकू येतं.

या गाडीचं लोखंड सहसा दगा देत नाही. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ब्लॉक आणि क्रँक तेल वेळेवर बदललं तर लाखो किलोमीटर चालतात. म्हातारं होतं ते रबर, प्लास्टिक आणि वायरवरचं आवरण. म्हणून पैसे या क्रमानं घाला: वायरिंग, कूलिंग, इंधन आणि व्हॅक्यूमच्या नळ्या, सस्पेन्शनचे बुश. डेंटिंग-पेंटिंग आणि लेदरच्या सीटा सर्वांत शेवटी. जितक्याला गाडी घेतली तितकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला काढून ठेवा. ती नसेल तर ही गाडी घेऊ नका, हे स्पष्टच सांगतो.

पेट्रोल गाडीचं वायरिंग

नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात इंजिनाच्या वायरिंगला असं आवरण वापरलं गेलं की ते उष्णतेनं कडक होऊन तडकतं. ई-२२० नेमकी त्याच काळातली आहे. मूळ वायरिंग अजून बदललेलं नसेल तर ते खराब आहे असंच धरून चाला.

तपासणी दहा मिनिटांची आहे. बॉनेट उघडा. १२४ चं बॉनेट बिजागरीजवळची खटकी दाबली की सरळ ९० अंशांत उभं राहतं, त्यामुळे हात मागेपर्यंत पोचतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कूलंटच्या टेम्परेचर सेन्सरपाशी आणि थ्रॉटलपाशी (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपाशी) कनेक्टरमागची काळी स्लीव्ह चार-पाच सेंटिमीटर मागे सरकवा आणि आतली एक वायर बोटांनी हलकेच वाकवा. चांगली वायर शेवयीसारखी वळते. बिघडलेलीचं आवरण पापडासारखं तडकून हातात येतं आणि खाली उघडं तांबं दिसतं. एक वायर अशी निघाली की बाकीच्या तपासत बसू नका, सगळ्या तशाच असणार.

लक्षणं फसवी असतात. थंड इंजिन नीट चालतं, गरम झाल्यावर मिसिंग करतं. सिग्नलला आयडलिंग वरखाली होतं, पेट्रोलचा वास येतो, कधी थ्रॉटल अर्धवटच उघडतो. मेकॅनिक आधी प्लग, मग कॉइल, मग एअर-मास सेन्सर बदलतो आणि बिल वाढत जातं. खरा दोष असतो तो आत एकमेकींना चिकटलेल्या दोन उघड्या वायरींचा. त्या शॉर्ट झाल्या की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही जळू शकतो. म्हणून हे काम पुढं ढकलण्यासारखं नाही.

तयार नवं वायरिंग मिळालं तर उत्तमच. नाहीतर जुनं वायरिंग पूर्ण बाहेर काढून टेबलावर नव्यानं बांधून घ्या. काढण्याआधी प्रत्येक कनेक्टरला नंबरची पट्टी लावा आणि फोटो काढा. स्लीव्ह लांबीच्या दिशेनं चिरा. एका वेळी एकच वायर काढा आणि तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच जाडीची, शक्यतो त्याच रंगाची नवी घाला. सगळ्या वायरी एकदम कापणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर तिथंच थांबवा. वायर गाड्यांसाठीचीच हवी: एफएलआरवाय प्रकारची, १०५ अंश सोसणारी. इंजिनाच्या अंगाला लागून जाणाऱ्या भागासाठी क्रॉसलिंक्ड आवरणाची, १२५ अंशांची. घरच्या फिटिंगची वायर ७० अंशांची असते, ती दोन उन्हाळे टिकणार नाही. क्रँक सेन्सरची वायर जाळीदार कवचाची असते. तिथं साधी वायर टाकली तर सिग्नलमध्ये गडबड होते आणि गाडी चालता चालता बंद पडते. टर्मिनल नवे घ्या आणि योग्य क्रिंपिंग पान्यानं दाबा. वरून कापडी टेप गुंडाळा. चिकट पीव्हीसी टेप उष्णतेनं वितळून सगळीकडे डिंक करते.

बसवण्याआधी मल्टिमीटर लावा. प्रत्येक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ ओमच्या आत दिसली पाहिजे आणि शेजारच्या कुठल्याही वायरीशी तिचा संबंध दिसता कामा नये. थ्रॉटल ॲक्च्युएटरची वायर वेगळी असते आणि थेट त्याच्या पोटात जाते. बाहेरचं वायरिंग नवं करून ही जुनीच ठेवली तर दोष परत येतो. हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच द्या.

याच वेळी इंजिनाच्या पुढच्या बाजूचा कॅमशाफ्ट ॲडजस्टरचा मॅग्नेट बघा. त्याचा दोन पिनांचा कनेक्टर काढा. आत तेल दिसलं तर मॅग्नेट बदला. हे तेल वायरीच्या आतून केशिकेसारखं चढत ईसीयूपर्यंत जाऊ शकतं.

कूलिंग

तापमानाचा काटा चालत्या गाडीत ८५ ते ९५ च्या दरम्यान राहतो. दुपारी ट्रॅफिकमध्ये एसी लावून १०० च्या आसपास गेला तर घाबरू नका. पण ११० ओलांडून थांबला तर गाडी बाजूला घ्या. "घर जवळच आहे" म्हणून पुढं नेली की हेड गास्केटचं काम निघतं.

रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत. वरचा होज पाइप जिथं बसतो ती मान वर्षांनुवर्षं तापून ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी पाइपासकट तुटून हातात येते. मान तपकिरी पडली असेल, नखानं भुकटी निघत असेल, तर गळतीची वाट न पाहता रेडिएटर बदला. सोबत वरचा-खालचा होज, सगळे क्लॅम्प, ८५ ते ८७ अंशांचा थर्मोस्टॅट आणि टाकीचं झाकण. झाकणावर छापलेला दाब मूळ झाकणाइतकाच असावा.

पंख्याचं व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) तपासायला इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, किल्ली काढून घ्या आणि पंखा हातानं फिरवा. जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा फिरला तर कपलिंग संपलं. पुढचे विजेचे पंखे वेगळे आहेत. एसी लावल्यावर ते हळू वेगानं फिरायला हवेत. फिरत नसतील तर मोटरआधी रेझिस्टर आणि फ्यूज बघा.

कूलंट जी-४८ प्रकारचं, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. क्षारांचा थर बसून रेडिएटरच्या नळ्या बंद होतात. गुलाबी-केशरी कूलंट यात मिसळू नका. भरताना हीटर दोन्ही बाजूंना पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हवा अडकून काटा उगाच वर जातो.

हेड गास्केटच्या कडेनं बाहेर तेल झिरपणं एम-१११ ला नवं नाही. नुसतं झिरपत असेल तर लक्ष ठेवून चालवता येतं. कूलंट मात्र कारण नसताना कमी होत असेल तर टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाचा गॅस टेस्टर लावा. द्रव पिवळा झाला तर जळालेला वायू पाण्यात येतोय, गास्केट काढावंच लागेल.

डिझेलवाल्यांसाठी

सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागत असेल तर पंप उघडायला धावू नका. ओएम-६०५ च्या डिझेल फिल्टर आणि पंपाभोवती पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या आहेत. टॉर्च लावून बघा. इंजिन चालू असताना आत हवेचे बुडबुडे पळताना दिसले की दोष सापडला. प्रत्येक टोकाशी एक छोटी ओ-रिंग असते. ती कडक झाली की डिझेल बाहेर येत नाही, पण हवा आत जाते. रात्रभर उभ्या गाडीत डिझेल मागं सरकतं. सगळ्या ओ-रिंगा एकदम बदला, व्हायटॉनच्या (इंधन आणि उष्णता सोसणाऱ्या रबराच्या) घ्या. नळ्याही पिवळ्या पडून कडक झाल्या असतील तर त्याही. इंजेक्टरवरच्या कापडी वेष्टणाच्या रिटर्न पाइपांचंही तेच.

हीटर प्लग पाच. आपल्या हवेत एक-दोन मेले तरी गाडी सुरू होते, म्हणून मालक दुर्लक्ष करतात. वर्षांनुवर्षं तसाच राहिलेला प्लग कार्बननं हेडमध्ये घट्ट बसतो आणि काढताना तुटतो. मग हेड उतरवण्याची वेळ येते. प्लगची वायर काढून प्लग आणि बॉडीमध्ये मल्टिमीटर लावा. १ ओमपेक्षा कमी दिसलं तर चांगला, काहीच दाखवलं नाही तर मेला. काढायचे ते इनटेक मॅनिफोल्ड उतरवून, इंजिन गरम असताना. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. पाना थोडा मागं, थोडा पुढं करत न्या. अडला तर जोर लावू नका, परत तेल सोडून थांबा. नवे घालण्याआधी भोकातला कार्बन रीमरनं साफ करा.

व्हॅक्यूम पंप हा या इंजिनाचा सर्वांत धोक्याचा भाग, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. तो इंजिनाच्या तोंडाशी बसतो. त्याचं बेअरिंग फुटलं की गोळ्या टायमिंग चेनच्या खोक्यात पडतात आणि चांगलं इंजिन मिनिटभरात संपतं. समोरून टकटक ऐकू येत असेल, किंवा पंप कधी बदलला याची नोंदच नसेल, तर काढून बेअरिंग आणि रोलर बघून घ्या. किल्ली काढल्यावर इंजिन लगेच बंद होत नसेल तर मात्र दोष बहुधा व्हॅक्यूमच्या नळीत, तिच्या रबरी जोडात किंवा शट-ऑफमध्ये (व्हॅक्यूमनं डिझेल तोडणाऱ्या भागात) असतो. हाताच्या व्हॅक्यूम पंपानं एकेक भाग ओढून बघा. काटा खाली येतो तिथं गळती.

सस्पेन्शन

पुढची स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरवर नसते. ती लोअर आर्म आणि बॉडीच्या मध्ये दाबून बसवलेली असते. बाहेरून आकडे लावायचा साधा कंप्रेसर इथं वापरू नका. स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. आतून प्लेटा घालून दाबणारा कंप्रेसर नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम देऊच नका. स्प्रिंग काढाल तेव्हा वरच्या रबरी पॅडवरचे उंचवटे मोजा. ते एक ते चार असतात आणि त्यावर गाडीची उंची ठरते, म्हणून तितक्याच उंचवट्यांचं पॅड परत घाला.

मागं प्रत्येक चाकाला पाच लिंक आहेत. गाडी वळणावर मागून डोलत असेल तर त्यांचे बुश गेलेत. नवे लिंक बसवताना बोल्ट नुसते हातानं लावा, गाडी खाली घ्या, भार चाकांवर आला की मगच पूर्ण आवळा. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नव्वद टक्के गॅरेजमध्ये ही चूक होते असं म्हटलं तरी चालेल.

स्टिअरिंग सैल वाटलं की बॉक्सचा स्क्रू आवळायची घाई होते. आधी आयडलर आर्मचे बुश बघा. दोन बुश आणि एक बोल्टचं किट स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा सैलपणा तिथंच संपतो. व्हील बोल्ट एम-१२, ११० न्यूटन-मीटर. न्यूमॅटिक गन नको.

थोडी किरकोळ, पण महागात जाणारी कामं

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं जाड गिअर ऑइल भरलेलं सर्रास आढळतं. मग सकाळी दुसरा गिअर पडत नाही आणि गिअरबॉक्स उघडायचा सल्ला मिळतो. त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल जातं, साधारण दीड लिटर. आधी वरचा भरण्याचा प्लग १४ मिलिमीटर ॲलन कीनं सुटतो का बघा, मगच खालचा काढा.

फ्यूज टोकदार, उघड्या पट्टीचे आहेत: पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअर. दमट हवेत टोकं काळी पडतात. लाइट मिणमिणले की आधी प्रत्येक फ्यूज बोटानं जागच्या जागी फिरवा, मग नवा संच घाला. एकुलत्या एक वायपरची यंत्रणा पुढंमागं सरकत काच पुसते. पावसाळ्याआधी त्याच्या गिअरला नवं ग्रीस द्या, नाहीतर मोटर जळते. पेट्रोल गाडीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं, म्हणून इंधनाचे सगळे रबरी पाइप एसएई जे-३० आर-९ दर्जाचे करून घ्या.

पार्ट घेताना चासी नंबर हातात ठेवा. डब्यावर मर्सिडीजचा तारा नसला तरी लेमफोर्डर, साक्स, बॉश, एलरिंग, मान, हेंग्स्ट हे दर्जेदार आहेत. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउस इथं विचारा. रबर आणि ब्रेकच्या वस्तू जुन्या-भंगारातून कधीच घेऊ नका. आतल्या ट्रिमचे तुकडे, काचा, दिवे मात्र तिथूनच बरे.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी आरटीओत दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी घेताना दोन्हीच्या पावत्या बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि सौदा ठरण्याआधी दाराखालचं प्लास्टिकचं आवरण एका बाजूनं सोडवायला सांगा. त्यामागं माती आणि ओल साठते, जॅक लावायच्या जागा आतून कुजतात, बाहेरून मात्र गाडी चकचकीत दिसते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. टणक आवाज आला तर क्लिप नव्या घालून, आतल्या पोकळीत मेण फवारून आवरण परत लावता येतं. पत्रा दबला तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडून द्या.